सा कुणाचा

पुण्याहून माणूस येणार असं कळल्यापासून कुसुमबाई रोज सकाळी गरम पाण्याच्या गुळण्या करत होत्या. मीठ, हळद, कधी ज्येष्ठमधाची काडी. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. गुळण्या झाल्या की त्या सा लावायच्या. तो जरा थरथरला की पुन्हा गुळणी. तो माणूस त्यांचं गाणं रेकॉर्ड करायला येणार होता. शब्द त्यांचे, चाल त्यांची. पण ते म्हणणार होती त्यांची शिष्या धम्मशीला, आणि हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत अजून कुणाची झाली नव्हती.

त्यांचा नवरा सिताराम याची तर मुळीच नव्हती. एका दुपारी माझी शिकवणी सुटल्यावर तो येऊन बाकावर बसला, मुलांच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन.

"गुरुजी, तुमचं ती ऐकती. तुमी सांगा."

"काय सांगू?"

"हेच, की पुण्याच्या पोराला धम्मशीलाचा आवाज पायजे म्हणून."

"पोरगं फोनवर तुझ्याशी बोललं. तू सांग."

"मी सांगितल्यावर ती मला जेवायला वाढंल का?"

"वाढतील. बोलणार नाहीत."

"तेच तर," सिताराम म्हणाला आणि उठून गेला.

झालं होतं असं. गेल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाला ऐन वेळी कुसुमबाईंचा घसा बसला. त्यांच्या जागी धम्मशीला उभी राहिली. पोरगी आमच्या गल्लीतलीच, जिंतूरच्या कॉलेजात जाणारी. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात धम्मशीला गात होती आणि तिच्या मागे सिताराम आपली ती जुनी पेटी वाजवत होता. व्हिडिओ फिरत फिरत पुण्याच्या योगीराजपर्यंत गेला. हा मूळचा पोखर्णीचा मुलगा, आता पुण्यात त्याचा स्टुडिओ आहे. त्यानं दुसऱ्याच दिवशी सितारामला फोन केला. पहिला प्रश्न पेटीबद्दल आणि दुसरा त्या मुलीबद्दल. तिसरा प्रश्न नव्हता.

पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. तो सिंथेसायझर आहे, जुन्या पद्धतीचा, विजेवर चालणारा. पत्र्याची लांबट पेटी, पुढे पट्ट्या, वर गोल बटणांची रांग. शिकवणीची मुलं मला नेहमी विचारतात, गुरुजी, हिच्यात भाता नाही, तारा नाहीत, मग आवाज येतो कुठून? मी त्यांना विहिरीवरच्या मोटारीची आठवण करून देतो. व्होल्टेज चांगलं असलं की मोटार उंच आवाजात गुणगुणते. व्होल्टेज पडलं की तिचा आवाज खाली घसरतो, ती कण्हायला लागते. शेतकऱ्याच्या पोराला घरात बसून कळतं, आता व्होल्टेज गेलं. या पेटीत हीच गोष्ट शिस्तीनं चालते. प्रत्येक पट्टी म्हणजे विजेचा एक ठरलेला दाब. दाब वाढला की स्वर चढतो, कमी झाला की उतरतो. सुरुवातीला निघतो तो आवाज भुंग्यासारखा, कानाला टोचणारा. मग एक बटण त्याला गाळून घेतं, दुसरं ठरवतं की तो झटकन यावा की दार ढकलल्यासारखा हळूच यावा. भुंग्याची बासरी होते, नाहीतर बीन होते, नाहीतर असा काहीतरी आवाज होतो की ज्याला नावच नाही.

असली यंत्रं परदेशात पहिल्यांदा तयार झाली तेव्हा एकेक यंत्र कपाटाएवढं असायचं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाई बसून या भोकातली वायर त्या भोकात खोचायची, तशा वायरी खोचल्या तेव्हा कुठं एक आवाज निघायचा. पुढे त्याला पियानोसारख्या पट्ट्या जोडल्या, कपाट आटत आटत काखेत मारण्याएवढं झालं आणि गाण्याबजावण्यात, सिनेमात, ऑर्केस्ट्रात शिरलं. मग आकड्यांवर चालणारे, डिजिटल कीबोर्ड आले. एक बटण दाबलं की तबला, दुसरं दाबलं की सनई, सगळं आत भरून ठेवलेलं, आणि स्वर जागचा हलायचा नाही. लोकांनी जुन्या पेट्या अडगळीत टाकल्या. हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं टाकलेली अशीच एक पेटी सितारामनं उचलून आणली. तो तेव्हा जिंतूरच्या बसस्टँडसमोर रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. आता इतक्या वर्षांनी शहरातली पोरं त्याच टाकलेल्या पेट्या हुडकत फिरतायत. त्यांना म्हणे तो हलणारा स्वरच पाहिजे.

कारण ही पेटी खरोखर हलते. चालू केल्यावर तिला तापायला वेळ लागतो आणि तापता तापता तिचा स्वर सरकतो. त्यात सिताराम कुणाकडे शिकलेला नाही. डावीकडच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरायचा, एवढीच त्याच्या बोटांची वाट. गाणाऱ्याचा आवाज उंच असो की खाली, बोटं त्याच वाटेनं जाणार. म्हणून तो एक बटण फिरवून सगळी पेटीच गाणाऱ्याच्या गळ्याशी नेऊन लावतो. आणि गाणाऱ्या नेहमी कुसुमबाई. लग्नानंतर गायन पार्टी काढली तेव्हापासूनचा हा रिवाज: पेटी तापवायची, कुसुमबाईंनी सा म्हणायचा, सितारामनं डोळे मिटून बटण फिरवायचं. दोन स्वर जवळ आले पण एक झाले नाहीत की हवेत थरथर ऐकू येते. ती थरथर हळू होत होत विरली की सा जुळला. बटणाशेजारी पत्र्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. त्याच्या वरच्या बाजूला आधीचे ठिपके खरवडल्याच्या खुणा आहेत. वयाबरोबर कुसुमबाईंचा सा खाली आला, तसा ठिपकाही खाली आला.

तर, त्यांना तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं. पण कळलं नव्हतं असं नाही. एका सकाळी परसातल्या भिंतीवरून त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, त्या पोरीला तोंड उघडायला मी शिकवलं. जबडा उघडत नव्हता तिचा. तोंडात हरभरा धरून बसल्यावानी म्हणायची."

"चांगलं शिकवलंत."

"लयच चांगलं शिकवलं. तिथंच चुकलं."

त्यांनी बंब पेटवला, पुन्हा भिंतीशी आल्या.

"दम बघितलाव का तिचा? अख्खी ओळ एका दमात. मी आता मधी थांबते, ती थांबत न्हाई. माणसानं थांबावं की जरा! न्हाई थांबत ती."

"तुम्हीही तिच्या वयात थांबत नव्हता."

"मला मालूम हाय ते," त्या म्हणाल्या. "म्हणूनच बघवत न्हाई."

रेकॉर्डिंग माझ्या शिकवणीच्या खोलीत ठरलं, कारण ती मागच्या अंगाला आहे आणि तिथं रस्त्याचा आवाज कमी येतो. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, अर्धं गाव शेतात. मुलांना मी ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की जो आवाज करील त्याला एकोणतीसचा पाढा. तेव्हा कुठं शांतता झाली.

योगीराज आला, पायातले बूट दाराबाहेर काढून पेटीपुढे बसला आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. "काका, माझ्याकडं आहे अशी," तो सितारामला म्हणाला, "पण ती नवी, जुन्याची नक्कल. ही अस्सल आहे. हात लावू?"

"लावा की. चावत न्हाई. कधीमधी झटका देती."

कुसुमबाई इस्त्रीचं निळं लुगडं नेसून आल्या होत्या. योगीराजनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. "काकू, जरा पाणी मिळेल?"

त्यांनी पाणी आणून दिलं. मग भिंतीकडच्या सतरंजीवर न बसता त्या पेटीला लागून, तिच्या डाव्या अंगाला, जमिनीवरच बसल्या. ती त्यांची नेहमीची जागा.

धम्मशीला आली ती दारातच घुटमळली. "जयभीम मावशी. जयभीम गुरुजी." तिनं नवा ड्रेस घातला होता आणि तो कुणाला दिसू नये असं तिला वाटत होतं, कारण ओढणीनं ती सगळं झाकत होती.

"झाकू नको," कुसुमबाई म्हणाल्या. "चांगला हाय. कुठून घेतला?"

"परभणीहून."

"हं. गाण्यासाठी?"

पोरीनं ओढणी आणखीच ओढून घेतली.

योगीराज माइक लावता लावता म्हणाला, "गाणं काय सुंदर आहे! पारंपरिक ना हे?"

"पारंपरिक म्हंजे?" कुसुमबाईंनी विचारलं.

"म्हणजे जुनं. कुणा एकाचं नसलेलं."

"जुनी मी बी हाय. पण कुणाचीच न्हाई असं न्हाई."

"सर, गाणं मावशींचंच हाय," धम्मशीला घाईनं म्हणाली. "तुमचा मला फोन आला तवा सांगितलं होतं."

योगीराजचा चेहरा उतरला. मुलगा वाईट नव्हता. "माफ करा काकू, मी नीट ऐकलं नसेल. तुमचं नाव घालतो ना गाण्यावर. कवयित्री म्हणून, चालीसाठीही."

"घाला नाव. नाव माझं, गळा तिचा."

सिताराम उगीच वायर उलटसुलट करून बघत होता.

पेटी तापली. आता सा जुळवायची वेळ. कुसुमबाईंनी पदर सावरला, घसा साफ केला आणि सवयीनं सा लावला. गुळण्यांचा उपयोग झाला होता, स्वर कुठंही हलला नाही. सितारामचा हात बटणाकडे गेला आणि मधेच थांबला.

"तुझा न्हाई गं," तो पेटीकडे बघत म्हणाला. "आज सा तिचा घ्यावा लागंल."

जयंतीला तसं करावं लागलं नव्हतं. तेव्हा पेटी आधीच कुसुमबाईंच्या सा ला लावलेली होती आणि धम्मशीलानं त्याच खालच्या सुरात, गळा आवरून, गाणं निभावलं होतं. योगीराजला मात्र तिचा आवाज मोकळा पाहिजे होता.

"मावशी," धम्मशीला म्हणाली, "मी तुमच्याच सा ला म्हणते. मला जमतंय."

"गळा दाबून म्हणणार हायेस का? त्यासाठी शिकवलं का तुला? म्हण तुझा."

तिनं सा लावला. सितारामनं डोळे मिटले, बटण फिरवलं. लाल ठिपका मागे राहिला, खरवडलेल्या खुणा मागे राहिल्या, बटण त्यांच्याही पुढे गेलं. हवेत थरथर उठली, हळू झाली, विरली.

"लागली का?" कुसुमबाईंनी विचारलं. "लवकर लागली की. माझ्या बारीला तुमाला लय टाइम लागायचा."

"तसं न्हाई..."

"वाजवा आता. पोरगं लांबून आलंय."

पहिल्यांदा घेतलं ते बाहेरच्या एका बकरीनं बिघडवलं. मुलं हसली, मी दाराकडे वळून बघितल्यावर गप्प झाली. दुसऱ्यांदा सितारामनं सुरुवातीची धून वाजवली, बासरीसारखी, जरा ओली. धम्मशीलानं डोळे मिटले आणि गाणं उचललं.

*पाटी पुसते पदरानं, लिही गं माझ्या बाई,*
*पदराला लागली अक्षरं, ती धुवायची न्हाई.*

मी कुसुमबाईंकडे बघत होतो. पोरीच्या प्रत्येक ओळीबरोबर त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. त्यांच्या मानेची शीर ताठली होती. ओळ संपली तेव्हा धम्मशीलाला अजून दम उरला होता. तो उरलेला दम तिनं सहज हवेत सोडून दिला. मला वाटतं, तेवढंच कुसुमबाईंना सहन झालं नाही. सिताराम ओळीमागची धून वाजवायला गेला, आणि त्यांनी हात पुढे करून डावीकडची पहिली पांढरी पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली.

इथं या पेटीची एक खोड सांगायला हवी. हार्मोनियमवर चार पट्ट्या दाबल्या की चार स्वर वाजतात. या पेटीला गळा एकच, एका वेळी एकच स्वर. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर ती खालचीच ऐकते. खालच्या पट्टीवर कुणी बोट ठेवून बसलं, तर वर दुसऱ्यानं कितीही बोटं नाचवावीत, पेटी त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही. कुसुमबाईंना हे चांगलं ठाऊक होतं.

सितारामची धून तुटली. त्याची बोटं चालत होती आणि पेटीतून निघत होता एकच खालचा, लांबलचक, गंभीर सा. त्यानं मान वळवली, बायकोचं बोट पाहिलं, मग बायकोचं तोंड पाहिलं. त्या समोरच्या फळ्याकडे बघत होत्या.

रागातसुद्धा त्यांचं बोट बेसूर पट्टीवर पडलं नव्हतं. शेजारची पट्टी दाबली असती तर गाणं तिथंच फुटलं असतं. पण ते त्यांच्या हाताला येतच नाही.

धम्मशीला गोंधळली. तिनं डोळे उघडले, बोट पाहिलं आणि तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता थांबेल. योगीराज कानावर हेडफोन लावून बसला होता. त्यानं दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले: थांबू नका, कुणी थांबू नका. त्याचे डोळे चमकत होते. पोरीनं श्वास घेतला आणि त्या खालच्या सा वर दुसरं कडवं ठेवलं.

सितारामला पट्ट्यांवर काही कामच उरलं नव्हतं. त्याचे हात वरच्या बटणांवर गेले. त्यानं गाळणीचं बटण हळूहळू उघडलं, तसा तो सा झाकणाखालून बाहेर आल्यासारखा उजळला. मग मिटत नेला, तसा मातीत उतरला. कुसुमबाई अडकल्या होत्या. बोट उचललं तर गाणं उघडं पडणार. नाही उचललं तर शिष्येच्या गाण्यामागं तानपुरा होऊन बसायचं. बोट उचलायचं त्यांच्या मनात आलं, हे मला स्पष्ट दिसलं; पट्टीवरची पकड क्षणभर सैल झाली.

तेवढ्यात कडवं संपवून धम्मशीला पुन्हा धृपदाच्या शेवटच्या ओळीवर आली. "धुवायची न्हाई" मधल्या "न्हाई" वर ती नेहमीसारखी सरळ उतरली नाही. तिचा आवाज बाजूला सरकला, एका अशा स्वरावर गेला की जो त्या चालीत नव्हताच, आणि तिथं तो लोंबकळत राहिला. कुसुमबाईंनी झटकन मान वर केली. आता ही कुठं उतरणार? त्यांचं सगळं अंग कान झालं होतं. सैल झालेलं बोट पट्टीवर पुन्हा घट्ट बसलं. खाली सा नसेल तर पोरीला उतरायला जमीन नव्हती, आणि ती कशी उतरते हे ऐकल्याशिवाय कुसुमबाईंना राहवणार नव्हतं.

पोरगी उतरली. दोन पायऱ्या, एक छोटी उडी, आणि सा.

योगीराजनं हेडफोन काढले. "काकू! हे सुचलं कसं तुम्हाला? मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दामच केलं," कुसुमबाई म्हणाल्या.

सितारामला एकदम खोकला आला.

कुसुमबाई आपलं बोट चोळत होत्या. "धम्मशीला, ते 'न्हाई'वरचं वळण, ती जागा कुणी शिकवली गं?"

"कुणी न्हाई, मावशी. आवाज आपोआप गेला."

"आपोआप." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला, कडू असल्यासारखा. "मी इतकी वर्षं म्हणायले, माझा न्हाई गेला कधी तिकडं."

"चुकलं का?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं." मग शिकवायच्या आवाजात म्हणाल्या, "शेवटाला सैल सोडलीस. उडी मारल्यावर पाय घट्ट रोवायचा. उद्या ये, सांगते."

"येते."

"आणि तुमी," त्या योगीराजकडे वळल्या, "तुमचं यंत्र चालू हाय का अजून?"

"आहे की."

"मग आता मी म्हणते. हेच गाणं. ही वाली जागा मी घेणार न्हाई, ती तिची. माझी माझ्याजवळ हाय. दोन्ही घेऊन जावा पुण्याला. तिथं कोणची ठेवायची ते तुमचं तुमी बघा, पण मी म्हणल्याबिगर तुमाला जाऊ देणार न्हाई."

योगीराजनं घड्याळाकडे पाहिलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं मुकाट्यानं हेडफोन चढवले. सितारामचा हात आपणहून बटणावर गेला होता, आणि तो इतका हसत होता की डोळे मिटायचं विसरला.

धम्मशीला भिंतीकडे जायला निघाली, तसा कुसुमबाईंनी तिचा हात धरला आणि तिला पेटीच्या डाव्या अंगाला, आपल्या जागेवर खाली बसवलं.

"बोट ठेव. पहिली पांढरी."

पोरीनं बोट ठेवलं.

"गाणं संपंस्तवर हलवायचं न्हाई. मधी मी दम घ्यायला थांबन, तवा तर अजिबात न्हाई." त्या उभ्या राहिल्या, माइकपाशी गेल्या आणि तिथून पुन्हा वळून म्हणाल्या, "उचलावं वाटंल तुला. मला ठाऊक हाय किती वाटतंय ते. उचललंस तर बघ."